सातव्या महिन्यानंतरची दारू

ऊसतोडीचा हंगाम लागला की नंदुरबार, धुळे आणि डांगमधून कोयत्याच्या जोड्या सुरत जिल्ह्यात उतरतात. तापीकाठच्या कामरेजपासून बारडोलीपर्यंत उसाच्या फडांजवळ त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. दिवस भरत आलेल्या बायकाही मोळ्या बांधत असतात. गुजरातेत 1960 पासून, म्हणजे राज्य झाल्यापासून, दारूबंदी आहे. तरी चोरून गाळलेली दारू मिळतेच. दुखऱ्या अंगावर घोटभर घेतली तर चालते, बाळाचे हातपाय आता तयार झालेत, हा समज मात्र एकट्या कोपीतला नाही. सर्दीवर ब्रँडी सुचवणाऱ्या शहरी घरांतही तो भेटतो.

या समजाला एके काळी डॉक्टरांच्या उपचारानेही बळ दिले. 1967 मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रिट्झ फुक्स आणि सहकाऱ्यांनी अकाली कळा थांबवण्यासाठी गर्भवतींना शिरेतून अल्कोहोल दिल्याचे प्रसिद्ध केले. मेंदूतून सुटणारे ऑक्सिटोसिन अल्कोहोलमुळे दबते आणि कळा मंदावतात, असा त्यामागचा विचार. सत्तरच्या दशकात हा उपचार बराच चालला. आयांना उलट्या होत, नशा चढे. काही बाळांना जन्मल्यावर श्वास घेणे जड जाई. पुढे दुसरी औषधे आली आणि तो मागे पडला.

वारेतून अल्कोहोल सहज पलीकडे जाते. आईच्या रक्तात जितके, जवळपास तितकेच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात येते. आईचे यकृत ते मोडत राहते. बाळाचे यकृत त्या कामाला अजून तयार नसते. शिवाय अल्कोहोल गर्भजलात रेंगाळते आणि बाळ तेच पाणी गिळत असते.

हातपाय झाले हे खरे, पण मेंदू व्हायचा असतो. शेवटच्या तीन महिन्यांत त्याचे वजन साधारण 100 ग्रॅमवरून 300 ग्रॅमच्या पुढे जाते आणि चेतापेशी एकमेकींशी भराभर जोडल्या जातात. 2000 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांच्या पिल्लांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्लांचे वय असे निवडले होते की त्यांच्या मेंदूची वाढ माणसाच्या शेवटच्या तिमाहीशी जुळावी. अल्कोहोल दिल्यावर पेशींमधले संदेश दबले आणि असंख्य चेतापेशींनी स्वतःला संपवून टाकले.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या नुकसानीच्या अदृश्यपणाची. चेहऱ्यातली वैशिष्ट्यपूर्ण व्यंगे प्रामुख्याने सुरुवातीच्या महिन्यांतल्या दारूने होतात. शेवटी प्यायलेल्या आईचे बाळ दिसायला धडधाकट असू शकते. लक्ष न लागणे, हिशेब न जमणे, राग न आवरणे हे शाळेत गेल्यावर दिसते, आणि तेव्हा बोल लावला जातो पोराला.

किती घेतली तर चालते, याचा सुरक्षित आकडा वैद्यकाकडे नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अजिबात न घेण्याचा आहे. आसव-अरिष्टांतही आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते. दशमूलारिष्ट बाळंतपणानंतर घरोघरी देतात. ते पोटुशीला विचारल्याशिवाय देऊ नका. गाळलेल्या दारूत मिथेनॉल असले तर आईच्याच जिवावर बेतते; जुलै 2022 मध्ये बोटाद भागात अशा विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसे गेली.

आधी घेतली गेली असेल, तरी आज थांबण्याचा बाळाला फायदा आहे. मात्र रोज भरपूर पिणारीने एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात. तिला न रागावता दवाखान्यात न्या, आशाताईंना सांगा. झटका आलाच तर 108 ला फोन करा.