गाठीच्या काठाशी थांबलेले रक्षक

“शरीराचे स्वतःचे रक्षक असताना गाठ वाढतेच कशी?” आमच्या अर्थसाहाय्य समितीकडे येणारे नातेवाईक हा प्रश्न अनेकदा विचारतात. महागड्या इम्युनोथेरपीसाठी मदत मंजूर करताना तो आम्हांलाही पडतो. आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर येथे थोडक्यात मांडीत आहोत.

कर्कपेशी ओळखून नष्ट करण्याचे काम प्रामुख्याने टी पेशी करतात. लसीका ग्रंथींमध्ये त्यांना शत्रूची ओळख पटते. तेथे त्यांचा वेग मिनिटाला सुमारे १० मायक्रोमीटर असतो. म्हणजे एक मिलिमीटर सरळ चालायचे तरी शंभर मिनिटे हवीत. पुढे त्या रक्तातून गाठीपर्यंत येतात, रासायनिक संकेत मिळताच रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि तिच्यातील फटीतून बाहेर पडतात.

मात्र अनेक गाठींभोवती कोलॅजेन तंतूंचे दाट जाळे असते. त्यात अडकून पुष्कळ टी पेशी काठावरच थांबतात. ज्या आत पोहोचतात, त्यांना नियामक टी पेशी आणि गाठीने आपल्या बाजूस वळविलेल्या भक्षक पेशी निष्प्रभ करतात. शिवाय कर्कपेशीवरील पीडी-एल१ हे प्रथिन टी पेशीवरील पीडी-१ या प्रथिनाशी जोडले गेले, की हल्ला मंदावतो. प्रतिकारशक्तीचे असे ‘ब्रेक’ सोडविण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु टी पेशी गाठीत पोहोचल्याच नसतील, तर केवळ ब्रेक सोडून फारसे साधत नाही. त्या किती आहेत व कोठे आहेत, यालाही महत्त्व असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात त्यावरून रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज बांधता येतो, हे फ्रान्समधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले.

म्हणूनच अशा औषधासाठी साहाय्य देण्यापूर्वी आम्ही गाठीच्या तुकड्याच्या आवश्यक तपासण्यांचा अहवाल मागतो. त्या काही दिवसांत नातेवाईकांची होणारी घालमेल आम्ही पाहतो. अहवाल यशाची हमी देत नाही. पण निष्फळ ठरू शकणाऱ्या खर्चापासून एखाद्या कुटुंबाची शेतजमीन वाचवू शकतो. अहवाल प्रतिकूल आला, तरी शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांसाठी आमचे साहाय्य चालूच राहते. रुग्णांनी बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक जपून ठेवावा, एवढी विनंती. देणगीदारांनी विश्वासाने सोपविलेला पैसा योग्य रुग्णाच्या योग्य उपचारासाठी खर्च व्हावा, हीच आमची धडपड आहे.