हरणासाठी कोणती रायफल? कॅलिबरचं गणित आणि धाराशिवचं उत्तर

न्यूझीलंड, स्कॉटलंडच्या डोंगरात हरणांची शिकार करणाऱ्यांचे व्हिडिओ आपल्यातले बरेच जण मोबाइलवर बघतात. मग प्रश्न पडतो, डोंगरातल्या हरणासाठी कोणतं कॅलिबर चांगलं? आपल्याकडेही बालाघाटचे डोंगर आहेत, हरणं आहेत, आणि सोयाबीनचे कोवळे कोंब ती फस्त करतात. तर आज हा प्रश्न मुळापासून बघू.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या भोकाचा किंवा गोळीचा व्यास. पॉइंट ३०८ म्हणजे ०.३०८ इंचाची गोळी. आपल्याकडे सरकारी कारखान्यात बनणारी पॉइंट ३१५ रायफल म्हणजे साधारण ८ मिलिमीटर. १२ बोरच्या बंदुकीचं गणित मात्र उलटं आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर एक गोळी जेवढी जाड होईल तेवढी ती नळी रुंद. म्हणून २० बोरची नळी १२ बोरपेक्षा बारीक असते.

पण नुसत्या व्यासावर काही ठरत नाही. पॉइंट ३०८ आणि थर्टी-ओ-सिक्स, दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच. थर्टी-ओ-सिक्सचं काडतूस लांब असतं, त्यात दारू जास्त बसते. त्यातला 'सिक्स' म्हणजे १९०६ साल, बरं का!

परदेशातले शिकारी डोंगरासाठी पॉइंट २७० किंवा पॉइंट ३०८ का घेतात? तिथे दरीपलीकडे दोनशे-तीनशे मीटरवर नेम धरावा लागतो. तेवढ्या अंतरात गोळी खाली येते, वारा तिला बाजूला ढकलतो. त्यामुळे वेगवान, सरळ जाणारी गोळी हवी. जनावर एका गोळीत पडलं पाहिजे, जखमी होऊन तडफडत फिरता कामा नये, हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम असा की जनावराच्या मागे मातीचा उतार असला पाहिजे, म्हणजे चुकलेली गोळी त्यात रुतते.

आता आपल्या जिल्ह्यात या. हरणांचे कळप दिसतात ते बहुतेक उघड्या माळावर नाहीतर शेतात. मागे उतार नाही, असते ती कुणाची तरी वस्ती, रस्ता, नाहीतर शेळ्या राखणारं पोरगं. रायफलची गोळी दोन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. म्हणजे तिथल्याच नियमाने बघितलं तरी इथे रायफल बसत नाही.

आणि कायदा तर स्पष्टच आहे. आपण ज्यांना हरीण म्हणतो ते काळवीट आणि चिंकारा, शास्त्राप्रमाणे दोन्ही कुरंग. त्यांची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोघंही पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. फास लावणं, विष घालणं, मारायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोजलं जातं. येडशी रामलिंग घाट अभयारण्यात आणि तुमच्या स्वतःच्या रानात, दोन्हीकडे हाच नियम.

इथे एक गैरसमज फार आहे. काही शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असतो. त्यांना वाटतं, पीक खाणारं जनावर मारायला मोकळीक मिळाली. तसं नाही. शस्त्र कायद्याचा परवाना फक्त बंदूक बाळगायचा. जनावर मारायची लेखी परवानगी वेगळी, ती वन खात्याचा अधिकारी देतो. रानडुकरासारख्या प्राण्यासाठी उभ्या पिकाचं नुकसान हे कारण चालतं. काळवीट-चिंकाऱ्यासाठी ते कारणच चालत नाही. त्यांच्या बाबतीत माणसाच्या जिवाला धोका, किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी, एवढीच कारणं आहेत.

मग शेतकऱ्यानं काय, बघत बसायचं? दुबार पेरणीचं बियाणं, खत, मजुरी, सगळा खर्च त्याच्याच डोक्यावर येतो. हा राग खोटा नाही. पण रागात केलेला एक बार घराला कोर्टाच्या फेऱ्यात अडकवतो. कुंपणात वीज सोडली तर रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारीच जायचा.

हक्काची वाट नुकसानभरपाईची आहे. वन खातं हरणांनी केलेल्या पीक नुकसानीचीही भरपाई देतं. नुकसान दिसलं की लगेच फोटो काढा, सातबारा आणि बँक पासबुक जोडून वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या आणि पंचनाम्याचा पाठपुरावा करा. पंचनाम्याआधी रान मोडू नका. वन खात्याचा टोल फ्री नंबर १९२६.

म्हणजे धाराशिवमध्ये हरणासाठी योग्य कॅलिबर कुठलंच नाही. मोबाइल तुमच्या हातात आहेच, तर घरच्या म्हाताऱ्या माणसांचा अर्ज तुम्ही भरून द्या. भेटू पुढच्या भागात!