मनुका फुगतो, ऊस करपतो

पोरांनो, रात्री मूठभर मनुके वाटीभर पाण्यात टाका. सकाळी प्रत्येक मनुका टच्च फुगलेला दिसेल. आता तेच मनुके मिठाच्या घट्ट पाण्यात दुपारपर्यंत ठेवा. पुन्हा सुरकुततील. कुणी पिळलं नाही, उन्हात घातलं नाही, मग आतलं पाणी गेलं कुठं?

मनुक्याची साल पाण्याला वाट देते, साखरेला अन् मिठाला बरंचसं अडवते. पाण्याचे कण सालीतून दोन्हीकडं ये-जा करतच असतात. पण पाण्यात काही विरघळलं, की त्याची निसटायची ओढ कमी होते. म्हणून पातळ बाजूचं पाणी जास्त निघतं, घट्ट बाजूचं कमी. हेच परासरण. फ्रान्सच्या नोले नावाच्या पाद्र्यानं 1748 मध्ये मद्यार्काच्या भांड्याच्या तोंडाला डुकराचं मूत्राशय बांधलं आणि भांडं पाण्यात बुडवलं. बाहेरचं पाणी आत शिरत राहिलं आणि ते कातडं चांगलं फुगून वर आलं.

आपल्या रानातही हेच चालतं. मुळा नदीच्या कालव्याचं पाणी आलं, सोनईच्या शिवारात ऊस उभा राहिला, साखर कारखाना झाला. पण काळ्या भारी जमिनीला पाणी जास्त झालं आणि निचरा नसला, की खालचे क्षार वर येतात. पाणी उन्हानं उडून जातं आणि सरीच्या वरंब्यावर पांढरं मीठ फुटतं. तिथं पायाला ओल लागते, तरी उसाची पानं करपतात. मुळाबाहेरचं पाणीच इतकं खारट, की ते आत यायला तयार नसतं.

"मग आबा, या पाण्याला उलटं फिरवता येतं का?"

येतं की! पण जोर लावावा लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्याचं परासरण नुसतं थोपवायला हवेच्या दाबाच्या सुमारे 27 पट दाब लागतो, म्हणजे पावणेतीनशे मीटर उंच पाण्याच्या खांबाचा भार! पाणी भरभर उलटं काढायचं तर 55 ते 70 पट. विहिरीच्या पाण्यात लिटरमागं 2 ग्रॅम क्षार असले, तर थोपवायला दीडपट दाब पुरतो. म्हणून ओट्यावरच्या आरओच्या, म्हणजे उलट्या परासरणाच्या यंत्राच्या, चिमुकल्या पंपाला ते काम झेपतं.

दाब देणं सोपं होतं, अडलं होतं पडद्यापाशी. मीठ अडवणारे पडदे पाणीसुद्धा थेंबथेंबच सोडायचे. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा नवा पडदा केला. वर अगदी पातळ घट्ट थर आणि खाली आधाराला सच्छिद्र जाड थर. पाणी धो धो नाही, पण कामापुरतं येऊ लागलं. 1965 मध्ये त्याचा पहिला उपयोग झाला तो कोलिंगा नावाच्या गावात. तिथं जमिनीतलं पाणी मचूळ होतं, आणि एके काळी पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागायचं.

आता नीट ऐका. यंत्र मीठ नाहीसं करत नाही. उसाचा चरक रस एकीकडं आणि चिपाड दुसरीकडं काढतो, तसं हे गोडं पाणी एकीकडं काढतं आणि जास्त खारट झालेलं दुसरीकडं. चिपाड निदान बॉयलरमध्ये जळतं, खारं पाणी जळत नाही. घरच्या यंत्रात एक लिटर गोड्या पाण्यामागं दोन-तीन लिटर तसं निघतं. तेव्हा घरी गेल्यावर यंत्राची टाकाऊ पाण्याची नळी कुठं सोडलीय ते आधी बघा. परसातल्या लिंबाच्या आळ्यात असेल, तर आजच काढा. लिंबाला खारं पाणी मुळीच सोसत नाही. खाली बादली लावा, त्या पाण्यानं फरशी पुसा, संडासात ओता.