मोटारीच्या गिअरचें निदान

नाडी पाहतांच शस्त्रक्रिया सांगणाऱ्या वैद्याकडून रोगी उठून जाईल. परंतु मोटारीच्या बाबतींत शहाणा गृहस्थहि ही सावधगिरी विसरतो. घाटकोपर-मुलुंडच्या रहदारींत क्लच दाबून पाय दुखूं लागल्यामुळें उपनगरांतील अनेक कुटुंबांनीं आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली आहे. एके दिवशीं ती झटके देते, समोरचा पिवळा दिवा लागतो, मिस्त्री स्कॅनर जोडून ‘पी ०७००’ असा कोड वाचतो, आणि लगेच गिअरबॉक्स उतरविण्याची गोष्ट निघते. खर्चाचा आंकडा ऐकून घरांत शांतता पसरते.

स्कॅनर जोडण्याचें सोळा पिनांचें सॉकेट स्टिअरिंगच्या आसपास खालीं असतें. दोष स्वतःच नोंदविण्याची ही व्यवस्था अमेरिकेंत १९९६ च्या गाड्यांपासून सक्तीची झाली. मुंबईंतील नव्या गाड्यांत ती २०१३ पासून आली. मात्र ‘पी ०७००’ म्हणजे गिअरबॉक्स गेला, असें नव्हे. गिअरच्या संगणकानें कांहीं तक्रार नोंदविली आहे, एवढाच तो निरोप होय. तक्रार कोणती, हें त्या संगणकालाच विचारावें लागतें, आणि स्वस्त स्कॅनरांपैकीं पुष्कळांस तेथवर पोंचतां येत नाहीं. कोड उतरवून घेण्यापूर्वीं पुसूं तर मुळींच नये; दोष घडतेवेळचा वेग व तपमान यांची नोंदहि त्याबरोबर नाहींशी होते.

खरी परीक्षा चालत्या गाडींत. समजा, गिअरबॉक्समध्यें शिरणाऱ्या शाफ्टचे मिनिटास २४०० फेरे होत आहेत व गिअरचें प्रमाण २ आहे. बाहेरच्या शाफ्टचे १२०० व्हावयास पाहिजेत. चढावर ते १००० च भरूं लागले, तर आंतील क्लच घसरत असल्याचा संशय बळावतो. परंतु गाडी धांवत असतां तोच आंकडा एकदम शून्य होऊन पुन्हां १२०० झाला तर? चाकें कांहीं क्षणभर थांबलीं नव्हतीं! दोष फेरे मोजणाऱ्या सेन्सरांत किंवा त्याच्या तारेंत शोधावा. अंधेरी सबवेच्या तुंबलेल्या पाण्यांतून गाडी काढलेली असल्यास तारांचे जोड आधीं उघडून पाहावेत; बॅटरी आणि गिअरचें तेल हीं तर त्याहूनहि आधीं.

सीव्हीटींत प्रमाण सतत बदलत असल्यामुळें हा हिशेब असा सरळ मांडतां येत नाहीं. २०१४ त सेलेरिओबरोबर येथें आलेल्या एएमटीची गोष्ट निराळीच. तिच्यांत साध्याच गाडीचा क्लच यंत्र दाबतें. तो झिजला म्हणून गिअरबॉक्स बदलावयास कोणी सांगूं लागल्यास गाडी दुसऱ्या गॅरेजांत न्यावी.