औषध घातलेल्या गाईचें दूध

गाय कासेनें आजारी पडली म्हणजे धन्यास दोन चिंता लागतात: गाय केव्हां बरी होईल, आणि दूध पूर्ववत् केव्हां मिळेल. तिसराही एक प्रश्न असतो. तें दूध केंद्रावर केव्हां घालावें? त्याकडे दुर्लक्ष केल्यानें प्रस्तुत लेखकास एकदां मान खालीं घालावी लागली.

आमच्या गाईच्या एका सडास कासदाह झाला. पशुवैद्यांनीं त्या सडांत प्रतिजैविक औषध सोडलें. चार दिवसांत सूज उतरली, गुठळ्या थांबल्या, दूध स्वच्छ दिसूं लागलें. तेव्हां सांगितलेले दिवस पुरते न मोजतां मीं तें केंद्रावर घातलें. चांचणींत औषधाचा अंश निघाला आणि ज्या टाकींत सात-आठ घरांचें दूध मिसळलें होतें ती सर्व ओतून द्यावी लागली. चूक माझी, नुकसान शेजाऱ्यांचें.

सूज उतरली म्हणजे औषध उतरलें असें नव्हे. एका सडांत सोडलेल्या औषधाचा कांहीं अंश रक्तावाटें इतर सडांतही जातो. यास्तव चारही सडांचें दूध वर्ज्य समजावें. हा अंश डोळ्यांस दिसत नाहीं आणि दूध उकळल्यानें पेनिसिलिन पुरतें नाहीसें होत नाहीं. त्यानें विरजणाचे उपयुक्त जंतु मंदावतात व दही नीट लागत नाहीं. ज्यास पेनिसिलिन सोसत नाहीं अशा माणसास अपाय होऊं शकतो. शिवाय अल्प औषधास सरावलेले जंतु पुढें त्या औषधास दाद देत नाहींत. म्हणून तें दूध वासरासही पाजूं नये.

दुभत्या जनावरांच्या औषधावर हा वर्ज्यकाल छापलाच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारनें २०१२ सालीं केला. तो काल निश्चित झालेला नसेल तेथें दुधासाठीं ७ दिवसांहून कमी धरूं नये, असेंही त्यांत आहे. दिवस शेवटच्या मात्रेपासून मोजावे. सूज उतरली म्हणून पशुवैद्यांनीं सांगितलेल्या मात्रा मध्येंच सोडूं नयेत.

दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें आतां मी गोठ्यांतही वही ठेवतों: गाय, औषध, शेवटच्या मात्रेची तारीख व दूध घालण्याची तारीख. गाईच्या पायास तांबडी दोरी बांधतों, म्हणजे गडी बदलला तरी चूक होत नाहीं. तिची धार सर्वांत शेवटीं व निराळ्या भांड्यांत काढतों. कांहीं दिवसांचें दूध वायां जातें खरें. परंतु गांवाच्या टाकीपुढें तो तोटा लहानच.