पेल्यातलं पाणी शहापूर-मुरबाडचं

बिअर चाखायला बसलं की टेबलावर चार-सहा छोटे पेले मांडले जातात आणि त्यांच्या शेजारी एक साध्या पाण्याचा. एक बिअर चाखून झाली की जीभ कोरी करायला पाण्याचा घोट घ्यायचा, मग पुढचा पेला उचलायचा. गुण देण्याच्या कागदावर रंगाला जागा असते, फेसाला असते, वासाला तर भरपूर असते. पाण्याच्या पेल्यासाठी मात्र एकही रकाना नसतो. मुंबईत बसून चाखत असाल, तर ते पाणी बहुधा शहापूर तालुक्यातून आलेलं असतं. आणि गुण ज्या बिअरला द्यायचे, तीही शंभरात नव्वदहून अधिक भाग पाणीच असते. त्या पाण्याचा माग काढत शहापूर-मुरबाडपर्यंत जावं, म्हणून हा लेख.

पन्नास गुणांचा कागद

महाराष्ट्रात छोट्या भट्टीतल्या ताज्या बिअरची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाऊफ या जर्मन ब्रूमास्टरला सोबत घेऊन ‘डूलाली’ सुरू केली. हे नाव आपल्या देवळालीचंच. शहापूरहून कसारा घाट चढून नाशिककडे गेलं की देवळाली लागते. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत अडकून पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी गावाच्या नावाचं ‘डूलाली’ झालं आणि पुढे वेड लागण्यासाठी तोच शब्द इंग्रजीत रुळला. ठाणे जिल्ह्यात डोंबिवलीत ‘गेटवे ब्रूइंग कंपनी’ उभी राहिली. तिची ‘व्हाइट झेन’ ही गव्हाची बिअर मुंबईच्या बारमध्ये पोहोचली आणि बिअर म्हणजे बाटलीतलं थंडगार, कडक, सगळीकडे सारखंच लागणारं पेय, हा समज सैल झाला.

अशा बिअरला गुण कसे द्यायचे, याची घडी अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक-संघटनेने बसवली आहे. एकूण गुण पन्नास. त्यांतले वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातल्या स्पर्शाला पाच आणि एकंदर अनुभवाला दहा. रूपाला तीनच आणि वासाला बारा, हे प्रमाण नवख्याला चकित करतं. पण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो; सर्दी झाल्यावर आमटी फिकी लागते ती त्यामुळेच. म्हणून पेला आधी नाकाशी न्यायचा. बिअर बर्फासारखी गार नको, कारण फार थंडीत वास दबून जातो. सौम्य आधी, काळ्या आणि कडू नंतर. आणि घोट गिळायचाच, कारण हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतर मागे किती रेंगाळतो, हेही पाहायचं असतं.

जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. आंबवणारं यीस्टच ते गंध तयार करतं. केळ्याच्या वासामागे आयसोअमाइल अॅसिटेट हे द्रव्य असतं. भाजलेल्या बार्लीने काळी झालेली स्टाउट कॉफीच्या जवळ जाते.

हे सगळं इंग्रजीतच बोललं जातं आणि मला ते खटकतं, कारण चवीच्या आणि वासाच्या शब्दांत मराठी अजिबात कमी नाही. खमंग, खरपूस आणि करपट या तीन शब्दांत भाजलेल्या माल्टच्या तीन पायऱ्या येतात. कडू वेगळं, कडसर वेगळं. आंबट, आंबूस आणि आंबटढाण यांत फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अंगात जोर नसलेल्या बिअरला मिळमिळीत म्हणावं, मद्यार्काचा भपका मारणारीला उग्र म्हणावं. दोषांनाही शब्द तयार आहेत. आंबवणं अर्धवट राहिलं की लोण्याचा वास उरतो, हवा लागून शिळी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, जंतुसंसर्गाने ती व्हिनेगरच्या वाटेला जाते. कुबट, उबट, खवट हे शब्द आपल्या स्वयंपाकघरांनी पिढ्यान्पिढ्या घासूनपुसून ठेवले आहेत. ते या कागदावर यायला हवेत.

पाण्याची चव

बिअरच्या इतिहासात पाण्याने गावांची नावं मोठी केली. बोहेमियातल्या पिल्सन शहराचं पाणी अतिशय मऊ. तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल याने सोनेरी, स्वच्छ लागर बनवली आणि आज जगातली बहुतेक फिकी बिअर तिच्याच वळणाची आहे. इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी जिप्समने भरलेलं, जड. त्यात हॉप्सचा कडवटपणा धारदार उठतो, म्हणून पेल एल तिथे नावारूपाला आली. डब्लिनच्या कार्बोनेटयुक्त पाण्याला भाजलेल्या धान्याचा आंबूसपणा मानवला आणि तिथे काळी बिअर रुजली.

आपल्याकडचं पाणी सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टवरून वाहत येणारं, पावसाचं, धरणात साठलेलं आणि तुलनेने मऊ. मऊ पाणी कोऱ्या पाटीसारखं असतं. ब्रूमास्टर आधी त्यातला क्लोरीन काढून टाकतो, नाहीतर बिअरला औषधी वास येतो. मग कुणाला बर्टनची धार हवी असेल तर जिप्सम घालतो, कुणाला गोलाई हवी असेल तर कॅल्शियम क्लोराइड. पाणी नुसतं पेल्यातच जात नाही. टाक्या धुणं, वाफ, थंड करणं हे सगळं धरलं तर एक लिटर बिअरमागे साधारण चार ते सात लिटर पाणी लागतं.

हे पाणी कुठून येतं

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यांतल्या एकट्या भातसाची ७,१७,०३७ आणि तानसाची १,४५,०८०. ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. म्हणजे महानगराच्या साठ्यापैकी जवळजवळ साठ टक्के पाणी या एका तालुक्यात अडवलेलं आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला पाणी येतं ते एमआयडीसीच्या बारवी धरणाचं. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, तसं पाणी मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघर, कोळेवडखळ या गावांवर चढत गेलं. पुनर्वसनासाठी आणि नोकऱ्यांसाठी तिथल्या माणसांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

आणि एप्रिल-मे महिन्यांत शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण इथे दर उन्हाळ्यात खरी होते. कारण साधं आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण उतार तीव्र आणि कातळ अखंड, त्यामुळे पाणी मुरत नाही, धावत खाली जातं. धरणं खाली खोऱ्यात, पाडे वर डोंगरउतारावर. खोऱ्यात साठलेल्या पाण्याला जलवाहिनी मिळाली ती मुंबईच्या दिशेने. वर चढणारी वाट त्याला फार थोड्या ठिकाणी मिळाली.

१८९२

तानसा धरण पुरं झालं १८९२ मध्ये. त्याच वर्षी मुंबई सरकारने ‘म्हौरा कायदा’ केला. म्हौरा म्हणजे आपला मोह. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करणं, घरात साठवणं, इकडून तिकडे नेणं यांवर या कायद्याने बंधनं घातली. त्याआधी १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळणं ठरावीक ठिकाणी एकवटलं होतं. उरणच्या भट्ट्यांतली मोहाची दारू परवान्याच्या दुकानांतून विकत घ्यायची, म्हणजे महसूल सरकारजमा, अशी ती रचना होती. झाडावरची फुलं लोकांच्या हाती राहिली तर ही रचना टिकणार नव्हती. म्हणून फुलांवरच कायदा आला.

त्याचा फटका नुसत्या पिणाऱ्यांना बसला नाही. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्यासाठी मोह हे अडीनडीचं अन्न होतं. फुलं वाळवून ठेवायची, भाजून, उकडून खायची. बियांचं तेल निघायचं. उन्हाळ्यात कणगी रिकामी झाली की मोह घर चालवायचा. एकाच वर्षी या मुलुखाचं पाणी शहराकडे निघालं आणि झाडाखाली पडलेलं फूल गुन्ह्याच्या कक्षेत आलं. कागदोपत्री या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण ज्यांच्या अंगणात त्या एकदम घडल्या, त्यांच्यासाठी त्या वेगळ्या नव्हत्या.

मोहाची दारू पारखण्याची स्वतःची पद्धत होती आणि तिची खूण आपल्या भाषेत अजून जिवंत आहे: पहिल्या धारेची. आंबवलेली फुलं भट्टीवर चढली की नळीतून आधी जी धार येते ती सर्वांत कडक, मागाहून येणारी उतरत जाते. धार ओळखणं, थेंब विस्तवावर टाकून ज्योत पाहणं, वासावरून फुलं नीट वाळली होती की बुरसली होती ते सांगणं, ही सगळी परीक्षाच होती. पन्नास गुणांचा कागद नव्हता, पण डोळा, नाक आणि जीभ याच क्रमाने चालत होती.

आज चोरून गाळल्या जाणाऱ्या गावठीत मोह क्वचित असतो. काळा गूळ आणि नवसागर यांवर काम भागवलं जातं. विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे आणि त्यातला धोका जिवावरचा आहे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं या तालुक्यांनीही पाहिली आहेत. म्हणून चाखणं आणि पिणं यांतलं अंतर मी फार महत्त्वाचं मानतो. चाखणारा एका घोटावर थांबतो, कारण त्याला पुढचा घोट नीट कळायला हवा असतो.

गोव्याच्या काजू-फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. फूल सुटलं, ही चांगली गोष्ट झाली. पण फुलावर प्रक्रिया करण्याचा परवाना, प्रयोगशाळेची तपासणी, बाजारातलं नाव हे सगळं गोळा करणाऱ्यांच्या हाती येईल तेव्हाच सव्वाशे वर्षांपूर्वीचं नुकसान भरू लागेल. मोहाचे लाडू, सरबत, मनुक्यांसारखी वाळवलेली फुलं यांनाही बाजार मिळू शकतो. सगळं दारूतच जायला हवं असं नाही.

एक रकाना

कागदावर एक ओळ वाढवावी, असं माझं छोट्या ब्रूअरींना आणि चाखणाऱ्यांना सांगणं आहे. माल्ट कुठल्या देशातला, हॉप्स कुठल्या खोऱ्यातले हे लेबलवर अभिमानाने छापलं जातं. मग पाणी कुठलं, तेही छापावं: भातसा, तानसा किंवा बारवी, आणि तालुक्याचं नाव. विकल्या गेलेल्या प्रत्येक पिंपामागे थोडी रक्कम पाड्यांवरच्या पाणी योजनांसाठी बाजूला काढावी. डोंगरउतारावर झरा बांधून घेणं, सौरपंपाने पाणी वर चढवणं ही कामं माहीत असलेली आणि आवाक्यातली आहेत.

माझ्या कागदावर मी ही ओळ घालून घेतली आहे. पहिला पेला पाण्याचा उचलतो, त्याचा वास घेतो, घोट घेतो आणि समोर धरणाचं नाव लिहितो. त्या ओळीला गुण ठेवलेले नाहीत. ती भरल्याशिवाय पुढचा पेला उचलायचा नाही, एवढाच तिचा नियम आहे.