लिंबाखालचा पिवळा सडा

जून-जुलैत बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात शिरा, लिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडलेला दिसेल. बहुतेक अंगणांतून तो झाडून उकिरड्यावर जातो. त्याच अंगणाच्या कडेला सांडपाण्यावर वांगी, भेंडी, दोडका, गवार अशी भाजी वाढत असते. श्रावण लागता लागता तिच्यावर मावा, तुडतुडे, अळ्या चढतात, आणि मग कपाशीवर मारून उरलेलं औषध या भाजीवरही मारलं जातं. ते पाहून जीव कळवळतो. ती भाजी संध्याकाळी लेकरांच्या ताटात जायची असते, आणि तिचं खरं औषध उकिरड्यावर पडलेलं असतं.

निंबोळीच्या बीमध्ये काय आहे ते कळलं की थक्क व्हायला होतं. अळीचं अंग वाढतं, कातडी वाढत नाही. म्हणून ठरावीक दिवसांनी तिला कात टाकावी लागते, आणि ती वेळ तिच्या शरीरातलं एक संप्रेरक ठरवतं. निंबोळीतलं अझाडिरेक्टिन हे संप्रेरक वेळेवर सुटूच देत नाही. अळी जुन्या कातडीत अडकते आणि तिथेच संपते. त्याआधीच तिची भूकही गेलेली असते, कारण फवारलेलं पान तिच्याच्यानं खाववत नाही. म्हणूनच फवारणीच्या दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या तरी घाबरू नये. त्या हलत असतात, पण खात नसतात. अनेकजण इथेच धीर सोडतात आणि दुकानाची वाट धरतात.

लिंबाच्या या गुणाचा माग टोळांमुळे लागला. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली. हाइनरिश श्मुटरर हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ तिथे होता. आजूबाजूचा हिरवा पाला फस्त झाला, पण लिंबाची झाडं मात्र हिरवीगार राहिली. टोळ त्यांच्यावर बसत आणि न खाता उडून जात. हे का, याचा शोध घेता घेता 1968 मध्ये अझाडिरेक्टिन वेगळं काढलं गेलं. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या चमूला ते प्रयोगशाळेत घडवायला 22 वर्षं लागली. 2007 मध्ये ते जमलं. आपल्या दारातला लिंब दर उन्हाळ्यात ते फुकट घडवतो.

परसबागेसाठी कृती सोपी आहे. पिकलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन काढायचा, बिया सावलीत वाळवून गोणपाटात ठेवायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी येते. लागेल तेव्हा एक लिटर फवाऱ्यासाठी 50 ग्रॅम बियांची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, पाणी घालून अर्क लिटरभर करायचा आणि चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा, म्हणजे अर्क पानाला धरतो. फवारायचं मात्र उन्हं कलल्यावर, कारण कडक उन्हात अझाडिरेक्टिन लवकर विरतं. पानांची खालची बाजू चुकवू नये, मावा तिथेच दडतो. अर्क त्याच दिवशी संपवावा. तो मुख्यतः पान खाणाऱ्या आणि रस शोषणाऱ्या किडींच्या पोटात जातो, त्यामुळे मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्यांना आणि मधमाश्यांना त्याची झळ फारच कमी लागते.

पण वांग्याच्या शेंड्यात किंवा फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. तिथे 1959 चाच दुसरा शोध कामी येतो. जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीम पतंगांच्या माद्यांपासून काही मिलिग्रॅम गंधद्रव्य मिळवलं. मादी ज्या वासानं नराला बोलावते, तो वास पहिल्यांदाच मानवाच्या हाती आला. गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत टांगले जाणारे कामगंध सापळे याच शोधाची पुढची पायरी आहेत. वांग्यातल्या अळीच्या पतंगासाठी वेगळ्या गंधाची गोळी मिळते. नर सापळ्यात अडकतो, मादीची अंडी फळत नाहीत. सापळ्यासोबत किडलेले शेंडे दर आठवड्याला खुडून जाळावेत, नाहीतर आतली अळी पुन्हा पतंग होऊन बाहेर पडते.

बीडमध्ये एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. जिल्ह्यात रेशीमशेती चांगलीच पसरली आहे, आणि रेशीमकिडा हीसुद्धा अळीच. निंबोळी अर्क तिची वेगळी ओळख ठेवत नाही. शेजारी या किड्यांसाठी लावलेली तुती असेल तर वारा तिकडे वाहत असताना फवारू नये, आणि ज्या हातांनी अर्क गाळला ते धुतल्याशिवाय तुतीचा पाला तोडू नये.